सासूबाई, दीक्षाभूमी आणि नागपुरातले आठ तास

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र :

"आम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून कोलकात्याला नणंदेकडे निघालो आहोत. आमचे विमान सकाळी ८.१० वाजता नागपूरला उतरते आणि कोलकात्याचे विमान त्याच दिवशी दुपारी ४.३० वाजता सुटते. दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढली आहेत. परतीची तिकिटे अजून काढायची आहेत. बरोबर तीन मोठ्या बॅगा, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि ११ वर्षांची मुलगी आहे. आमच्यापैकी कोणीही पूर्वी नागपूर पाहिलेले नाही. यजमानांनी दीक्षाभूमी (अर्धा तास), झिरो माइल, अजब बंगला, फुटाळा तलाव, रामटेक, जमल्यास सेवाग्राम आणि जेवायला सावजी अशी यादी केली आहे. मुलीला तारांगण पाहायचे आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्या म्हणतात, 'तुम्ही फिरून या, मी विमानतळावर बसते.' त्यांचे वडील १९५६ साली येवल्याहून दीक्षेला नागपूरला गेले होते. सासूबाई तेव्हा लहान होत्या, त्यांना घरीच ठेवले होते, आणि त्यानंतर त्यांचे इकडे येणे कधी झालेच नाही. या आठ तासांत आम्ही काय पाहावे आणि काय सोडावे, ते कृपया सांगावे."

सप्रेम जयभीम.

ताई, काय पाहावे आणि काय सोडावे असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की एकच ठिकाण पाहावे आणि बाकी सारे सोडावे, आणि ते ठिकाण कोणते हे आपल्याच पत्रातील शेवटच्या ओळींनी ठरवलेले आहे. ज्यांचे वडील ऑक्टोबर १९५६ मध्ये बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी या शहरात आले होते, त्या बाई शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा नागपुरात उतरणार आणि दीक्षाभूमीपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर, विमानतळावरच्या खुर्चीत बॅगा राखत बसणार, ही कल्पना मला पत्र वाचतानाच सहन झाली नाही. यजमानांच्या यादीत दीक्षाभूमीपुढे जो 'अर्धा तास' लिहिला आहे, तो खोडून तिथे 'सगळी सकाळ' असे लिहावे. यजमानांच्या उत्साहाला मी नावे ठेवत नाही. नव्या शहरात आठ तास मिळाले की यादी होतेच. परंतु ती यादी धडधाकट माणसाने हिवाळ्यात करायची आहे. आपला प्रवास मे महिन्यातला आहे, आणि बरोबर कोण आहे ते आपण जाणताच.

आधी वेळेचा हिशेब करू, आणि तो उलटा, म्हणजे दुसऱ्या विमानापासून मागे येत करू. देशांतर्गत विमानाची चेक-इन खिडकी साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होते, म्हणजे आपल्या बाबतीत साडेतीनला. बॅगा पुन्हा द्यायच्या आहेत, व्हीलचेअर घ्यायची आहे, सुरक्षा तपासणी नव्याने व्हायची आहे, तेव्हा पावणेतीनला आपण टर्मिनलच्या दारात असले पाहिजे. आता सकाळकडे या. विमान ८.१० ला टेकले तरी व्हीलचेअरचे प्रवासी बहुधा सर्वांत शेवटी उतरवले जातात, त्यानंतर पट्ट्यावरून बॅगा यायच्या, म्हणून बाहेर पडायला नऊ वाजले असे धरावे. उरले नऊ ते पावणेतीन. त्यातून बारानंतरचा वेळ मी सरळ वजा करतो, कारण मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी वयस्कर माणसाला रस्त्यावर काढू नये. मग नऊ ते बारा राहिले, आणि त्यातला तास-सव्वा तास जाण्यायेण्यात व चहा-फराळात जाईल. अशा रीतीने आठ तासांचे पावणेदोन-दोन तास होतात. आकडा ऐकून यजमानांचा विरस होईल, पण एका ठिकाणी निवांत बसायला तेवढा वेळ पुष्कळ आहे.

तिकिटांविषयी थोडे स्पष्टच लिहितो. दोन तिकिटे वेगवेगळी असली की पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले, तर दुसऱ्या विमानाची कंपनी त्याला जबाबदार राहत नाही, आणि बॅगाही नाशिकहून थेट कोलकात्याला जात नाहीत. त्या नागपूरला ताब्यात घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. दोन्ही विमाने एकाच कंपनीची असतील तर आजच फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडता येतील का, हे विचारून घ्यावे. त्याच फोनमध्ये सासूबाईंसाठी दोन्ही प्रवासांची व्हीलचेअर नोंदवावी. ही मागणी निदान ४८ तास आधी केलेली असावी. त्या 'मला चालता येते' असे म्हणतील. चालता येतेच, पण ती ताकद विमानतळाच्या लांबलचक मार्गिकेत संपवायची नाही.

आता बॅगांचा प्रश्न. तीन बॅगा घेऊन कुठेच जाता येत नाही, आणि माझ्या मते सासूबाईंच्या 'मी बसते' या म्हणण्यामागे निम्मे कारण या बॅगा आहेत. रेल्वे स्थानकावर क्लोकरूम असते, परंतु तिथे सामान ठेवायला रेल्वेचे तिकीट लागते, म्हणून तिचा आपल्याला उपयोग नाही. माझा आग्रहाचा सल्ला असा की वर्धा रोडवर, विमानतळाच्या आसपास किंवा सोमलवाडा-उज्ज्वल नगर भागात, एका साध्या आणि स्वच्छ हॉटेलात त्या दिवसापुरती एक वातानुकूलित खोली आधीच ठरवून ठेवावी. फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : सकाळी सव्वानऊला खोली मिळेल का, नसेल तर तोवर सामान रिसेप्शनवर ठेवता येईल का, आणि खोलीपर्यंत लिफ्ट आहे का. सर्वांची ओळखपत्रे जवळ असावीत. काही तासांसाठी खोलीचे पैसे कशाला घालवायचे, असे घरात कोणी म्हणेल. त्यांना सांगावे की या एका खर्चात बॅगा ठेवायला जागा, दुपारच्या उन्हापासून आसरा, पाठ टेकायला पलंग आणि हक्काचे स्वच्छतागृह अशा चार गोष्टी मिळतात.

स्वच्छतागृहाचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या घरातल्या वयस्कर बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. कोणाला अडचण नको, वाटेत थांबायला नको, म्हणून सकाळपासून दोन घोटांवर दिवस काढतात, आणि विचारले तर 'तहानच नाही' म्हणतात. इतर ठिकाणी हे एकवेळ निभावते, नागपूरच्या मे महिन्यात निभावत नाही. इथे त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर जाणे नित्याचे आहे, हवा कोरडी असते, आणि घाम अंगावरच सुकत असल्याने अंगातले पाणी किती गेले ते माणसाला कळत नाही. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी अधिक जाते, तेव्हा निघण्याआधी सासूबाईंच्या डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे की अशा उन्हात प्रवासाच्या दिवशी गोळ्या आणि पाणी यांचे प्रमाण कसे ठेवायचे. जलसंजीवनीची दोन पाकिटे आणि सर्व औषधे हातातल्या पिशवीत असावीत, मोठ्या बॅगेत नव्हे. डोक्याला आणि कानांना सुती दुपट्टा हवाच. आम्ही नागपूरकर उन्हाळ्यात हातातले काम अकराच्या आत उरकतो, नाहीतर पाचनंतर पाहतो. पाहुण्यांनीही हाच नेम पाळावा हे बरे.

आता दीक्षाभूमीकडे वळू, कारण माझ्या लेखी या दिवसाचे सारे महत्त्व तिथे आहे.

नऊ वाजता बाहेर पडून हॉटेलात बॅगा टाकल्या, सासूबाईंचे चहा-पाणी आणि गोळी झाली, की साडेनऊच्या पुढे टॅक्सीने निघावे आणि दहाच्या सुमारास पोहोचावे. टॅक्सी प्रवेशद्वाराशी अगदी जवळ थांबवायला सांगावे. समोर जो स्तूप दिसतो तो सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर बांधलेला आहे, पण सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ आहे. घुमटाची उंची आणि व्यास, दोन्ही सुमारे १२० फूट आहेत. त्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. म्हणजे सासूबाईंच्या वडिलांनी यातले काहीही पाहिले नव्हते. त्यांनी पाहिले ते मोकळे मैदान, पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसे आणि दूरवरचे एक व्यासपीठ. हे सासूबाईंना आधी सांगून ठेवावे, नाहीतर वडिलांच्या तोंडून ऐकलेले मैदान त्या शोधत राहतील आणि समोर संगमरवर पाहून क्षणभर गोंधळतील.

पादत्राणे काढूनच आत जावे लागते, आणि इथे एक अगदी बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. मे महिन्यात सकाळी दहालाच उघड्यावरची फरशी तापू लागते आणि अकरानंतर तिच्यावर अनवाणी पाऊल टेकवणे कठीण जाते. तरुण माणूस चार उड्या मारून सावलीत पोहोचतो. गुडघेदुखी असलेल्या बाईला ते जमत नाही, ती चटके सोसत हळूहळू चालते आणि चेहऱ्यावर दाखवत नाही. म्हणून जाड सुती मोज्यांचा एक जोड पिशवीत असू द्यावा आणि चप्पल काढल्याबरोबर तो त्यांच्या पायांत घालावा. काठी असेल तर तिच्या टोकाचे रबर झिजलेले नाही ना, हे नाशिकलाच पाहावे, कारण गुळगुळीत दगडावर ते निसटते.

आतल्या विस्तीर्ण दालनात गेले की घाई करू नये. तिथे बुद्धमूर्ती आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थींचा कलश आहे. मुलीला मागे-पुढे फिरू द्यावे, यजमानांना चित्रे पाहू द्यावीत, पण सासूबाईंना एका जागी बसू द्यावे आणि त्या स्वतः उठेपर्यंत कोणी घड्याळाकडे पाहू नये. बाहेर आल्यावर बोधिवृक्षाच्या सावलीत थांबता येईल. श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणून तो इथे लावला आहे. बाबासाहेबांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञा परिसरात कोरलेल्या आहेत. सासूबाईंना त्या पाठ असण्याचा संभव आहे. तसे असेल तर नातीला त्यांच्या शेजारी उभे करावे आणि एकीने म्हणाव्यात, दुसरीने कोरलेल्या ओळींवरून बोट फिरवत वाचाव्यात.

आपण नाशिक जिल्ह्याच्या, सासूबाई येवल्याच्या, म्हणून आणखी एक गोष्ट मुलीला सांगण्याजोगी आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये नाशिकला सुरू झाला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. नागपूरचा दीक्षा समारंभ झाला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला. म्हणजे घोषणेनंतर बरोबर एकवीस वर्षे आणि एक दिवस. कुशीनाराचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या जनसमुदायाला दिली, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, त्यांचे निर्वाण झाले. जो शब्द येवल्यात दिला गेला तो इथे पुरा झाला, आणि येवल्याचा एक माणूस तो पुरा होताना पाहायला आला होता, तो आपल्या मुलीचा पणजोबा. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात तिला हे असे जोडून कोणी दाखवणार नाही.

यासाठी घरूनच थोडी तयारी करावी. निघण्याच्या आधीच्या दोन-चार संध्याकाळी मुलीने आजीजवळ बसून विचारावे की पणजोबा कोणाबरोबर गेले, मनमाडला गाडी धरली का, बरोबर काय शिदोरी होती, परत आल्यावर घरात काय बदलले, देव्हाऱ्याचे काय केले, आजीला तेव्हा काय सांगितले. उत्तरे तिने वहीत लिहावीत किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करावीत. सहा-सात वर्षांच्या मुलीला तेव्हा घरी का ठेवले, हेही विचारावे. कदाचित गाडीच्या गर्दीची भीती असेल, कदाचित तिकिटाचे पैसे नसतील. सासूबाई ते मोकळेपणाने सांगतील असे मला वाटते, कारण नातीने विचारलेला प्रश्न आजीला टाळता येत नाही.

आणि 'मी विमानतळावर बसते' याचे काय करायचे? त्यावर वाद घालू नये आणि 'तुम्हाला यायचे आहे का' असेही विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'नको' असेच येणार. यजमानांनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, सरळ सांगावे : "आई, खोली घेतली आहे, बॅगा तिथे राहतील, गाडी दारापर्यंत जाते, आणि आम्ही फक्त दीक्षाभूमीलाच चाललो आहोत, दुसरीकडे कुठेही नाही." या वाक्यातला शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्यामुळे इतरांची सात ठिकाणे बुडतात, हेच त्यांच्या मनात असते. मुळात ती सात ठिकाणे ठरलेलीच नाहीत, हे त्यांना कळले की त्या उठतील.

पावणेबाराला तिथून निघावे. इथे मुलीसाठी एक छोटी गंमत करता येईल. आपण व सासूबाई टॅक्सीने हॉटेलवर यावे, आणि यजमानांनी मुलीला घेऊन जवळच्या रहाटे कॉलनी स्थानकावरून मेट्रोच्या नारिंगी मार्गिकेने उज्ज्वल नगरपर्यंत यावे. या टप्प्यात खाली रस्ता, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी रचना आहे, या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाची नोंद गिनीज बुकात झालेली आहे. अजनी, छत्रपती, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर अशी मोजून चार स्थानके, थंडगार डबा आणि खिडकीतून दिसणारे शहर, एवढ्यात अकरा वर्षांच्या मुलीचे समाधान होते. मात्र मेट्रोच्या भरवशावर विमानतळ गाठू नये. 'एअरपोर्ट' नावाचे स्थानक वर्धा रोडवर आहे, ते टर्मिनलला लागून नाही, आणि बॅगा घेऊन मधले अंतर उन्हात काटणे चुकीचे ठरेल.

तारांगण नागपुरातही आहे. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात ते आहे आणि मुलांसाठी ती जागा उत्तम आहे, पण या दिवसात ते बसत नाही, आणि बसवण्याची गरजही नाही, कारण आपण जिथे चालला आहात त्या कोलकात्यात चौरंगीवर बिर्ला तारांगण आहे आणि शिवाय सायन्स सिटी आहे. मुलीला एवढे सांगावे की चंद्रशेखर वेंकट रमण हे तरुणपणी वित्त खात्यात नोकरीला असताना काही काळ नागपुरात होते, तिथून कोलकात्याला गेले, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला प्रसिद्ध शोध त्यांनी तिथेच लावला. तिचाही प्रवास नागपूरहून कोलकात्यालाच आहे, तेव्हा तारांगण दोन दिवस पुढे गेल्याचे तिला फारसे वाईट वाटणार नाही.

यादीतले बाकीचे भराभर सांगतो. झिरो माइलचा सहा बाजूंचा स्तंभ आणि चार घोडे छायाचित्रासाठी छान आहेत. स्तंभावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत आणि शेजारच्या दगडावर १९०७ सालच्या सर्वेक्षणातली समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. परंतु तिथे सावली नाही आणि पाहायला दहा मिनिटे पुरतात. अजब बंगला, म्हणजे १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय, पायी खूप फिरायला लावते. फुटाळा ही संध्याकाळची जागा आहे, दुपारी तिथे नुसते ऊन असते. रामटेक जवळपास पन्नास किलोमीटर आणि सेवाग्राम पंचाहत्तरच्या आसपास आहे. ही दोन नावे यादीतून तत्काळ काढावीत. बापूकुटीत दहा मिनिटे टेकून पळत परत यायचे, याला सेवाग्राम पाहणे म्हणत नाहीत. ही दोन्ही ठिकाणे हिवाळ्यात रेल्वेने येऊन पाहावीत. नाशिकरोडहून नागपूरकडे येणाऱ्या अनेक गाड्या वर्धा स्थानकावर थांबतात, तिथे उतरून सेवाग्रामला एक मुक्काम करून पुढे नागपूर आणि रामटेक करता येते.

खाण्याच्या बाबतीत यजमानांना माझ्याकडून थोडे निराश व्हावे लागेल. सावजी मी स्वतः आवडीने खातो, पण सवय नसलेल्या पोटाने मे महिन्याच्या दुपारी सावजी रस्सा खाऊन तीन तासांनी विमानात बसू नये. त्याऐवजी सकाळी तर्री पोहे खावेत. पोह्यांवर हरभऱ्याची पातळ, झणझणीत, लाल तर्री ओततात, वर कांदा आणि लिंबू देतात, आणि ठेल्यांवर ते सकाळीच चांगले मिळतात, म्हणून बॅगा ठेवल्यावर यजमानांनी लगेच हॉटेलवाल्याला जवळचा ठेला विचारावा. सासूबाईंचे पोहे साधे आणि तर्री वेगळ्या वाटीत आणावी. त्यांना हवी तर त्या चमचाभर घालून घेतील. दुपारी खोलीतच वरण-भात, ताक, मिळाले तर कैरीचे पन्हे, एवढ्यावर भागवावे आणि मग सर्वांनी तासभर आडवे व्हावे. नणंदेसाठी संत्री न्यायचा विचार असेल तर तो सोडावा, कारण नागपुरी संत्र्याचा मृग बहार, म्हणजे वर्षातला दुसरा हंगामही, मेपर्यंत आटोपलेला असतो. जे मिळेल ते शीतगृहातले असेल. संत्रा बर्फी मात्र बारमाही मिळते आणि प्रवासात टिकते, तीच न्यावी.

अडीचला हॉटेल सोडावे. टर्मिनलच्या दारावर प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र आणि तिकीट पाहतात, तेव्हा ती कागदपत्रे बॅगेच्या तळाशी जाणार नाहीत आणि मुलीचे आधारकार्ड किंवा शाळेचे ओळखपत्र घरी राहणार नाही, याची काळजी घ्यावी. वेब चेक-इन आदल्या दिवशी करून सासूबाईंना मार्गिकेलगतची जागा घ्यावी.

पहिल्या विमानाला उशीर झाला तर काय करायचे, हेही आताच ठरवून ठेवावे, कारण ऐनवेळी चौघांची चार मते होतात. साडेनऊपर्यंत उतरलात तर बेत तोच ठेवावा, फक्त हॉटेल नंतर करावे : तासांच्या भाड्याने एक टॅक्सी घ्यावी, बॅगा डिकीत ठेवाव्यात, पैसे व कागदपत्रे हातातल्या पिशवीत घ्यावीत, सरळ दीक्षाभूमी गाठावी, आणि यजमानांनी मधूनमधून गाडीकडे लक्ष ठेवावे. तर्री पोहे, मेट्रो वगैरे सगळे गाळावे. उतरायलाच साडेअकरा वाजले तर मात्र मोह आवरावा आणि थेट खोलीवर जावे; तापलेल्या फरशीवर, दमलेल्या आणि भुकेल्या अवस्थेत, सासूबाईंना नेणे योग्य नाही. या दोन्हींच्या मधल्या वेळी पोहोचलात, तर त्यांची तब्येत पाहून त्यांच्या मुलाने ठरवावे. आणि याचसाठी परतीची तिकिटे अजून काढलेली नाहीत हे फार चांगले झाले. कोलकात्याहून येताना संध्याकाळी नागपूरला पोहोचणारे आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत नाशिकला निघणारे विमान मिळते का, ते पाहावे, रात्रीचा मुक्काम वर्धा रोडवरच ठेवावा, म्हणजे जाताना हुकले तरी परतताना सकाळी सात-साडेसातला, दगड गार असताना, दीक्षाभूमीला जाता येईल. ती तिकिटे मात्र या खेपेसारखी वेगवेगळी काढू नयेत. रात्रीचा मुक्काम धरूनही एकाच पीएनआरवर मिळतात का, हे कंपनीला विचारून मगच पैसे भरावेत.